हात सोडून कुठेही

माझ्या बापाची दोन बोटं उल्हासनगरच्या एका कारखान्यात गेली आणि त्यांच्या जागी त्याने माझी लावली. माझं संगीताचं शिक्षण इथून सुरू होतं. माझ्या कीबोर्डच्या क्लासला मुलं घालायला आलेले पालक विचारतात, सर, तुम्ही शिकलात कुणाकडे? मी माझ्या ऑर्गनच्या बाईंचं नाव सांगतो आणि विषय बदलतो. मग त्यांची नजर माझ्या डाव्या हातावर जाते. शेवटची दोन बोटं वाकडी आहेत, सरळ होत नाहीत. मी म्हणतो, लहानपणी दारात सापडली. हे खोटं आहे. आज खरं लिहितो.

आम्ही सोनिवलीचे. शेती आजोबांबरोबर संपली. बाप आठवडाभर उल्हासनगरला पत्र्याच्या डब्यांची झाकणं काढायच्या प्रेसवर जायचा आणि लग्नसराईत गावच्या बेंजो पार्टीत, म्हणजे टेम्पोवरून वाजवणाऱ्या वरातीच्या पथकात, कीबोर्ड वाजवायचा. कारखान्यात त्याला ‘ए सोनिवली’ म्हणायचे. वरातीत मात्र लोक त्याचं नाव घेऊन ओरडायचे, त्याला खांद्यावर घ्यायचे. माणूस कशासाठी जगतो हे मला त्याच्याकडे बघून लवकर कळलं.

प्रेसचं काम सोपं असतं. पत्रा सारायचा, हात काढायचा, पाय दाबायचा. मी चौथीत असताना एक दिवस त्याचा पाय आधी दाबला गेला. उजव्या हाताची, अंगठ्याशेजारची दोन बोटं मुळापासून गेली. सोबतच्या माणसाने सरबतवाल्याकडून बर्फ घेतला, बोटं पिशवीत घातली आणि बापाला रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, पार चेचलीत, टाकून द्या. बापाने टाकू दिली नाहीत. पिशवी घेऊन तो घरी आला. आईने ती परसात आंब्याखाली पुरली. खड्डा मी खणला. पिशवीतल्या बर्फाचं तोवर लाल पाणी झालं होतं.

हात भरून आल्यावर तो पहिल्यांदा कीबोर्डपुढे बसला तो दिवस मला स्वच्छ आठवतो. अंगठा आणि उरलेल्या दोन बोटांनी त्याने एक चाल धरायला बघितली. बोटं रिकाम्या जागेवर पडत होती. तीनदा झालं, चारदा झालं. मग त्याने पाण्याचा हंडा उचलून भिंतीवर मारला, आईच्या अंगावर ताट फेकलं, आणि दम लागून खाली बसला. बसल्या बसल्या त्याची नजर माझ्यावर आली.

“इकरं ये,” तो म्हणाला. “हात दाखव.”

मी दाखवले. त्याने ते उलटेपालटे करून बघितले, बैल घेताना दात बघतात तसे.

“बेस हायत,” तो म्हणाला. “आता हे माझं.”

शाळेतून आलो की पाटावर बसायचं. तो माझ्या पाठीमागे बसायचा, हातात ताशाची काडी. ताशा वाजवायची ती वेताची काडी तुम्ही बघितली असेल, बारीक असते आणि लवते. तो तोंडाने चाल म्हणायचा, मी वाजवायची. चुकलं की काडी. पाठीवर, कानावर, मांडीवर, मानेवर. हातावर कधीच नाही. त्याचा तो नियम होता आणि त्याने तो घरात सगळ्यांना लावला होता. आईने एकदा मला कोयता देऊन सरपण फोडायला सांगितलं. बापाने बघितलं. त्याने आईच्या अशी थोबाडीत मारली की तिच्या कानातली रिंग पाळी फाडून बाहेर आली. तिची ती पाळी आजही दोन भागांत आहे. मी मैदानात क्रिकेट खेळताना सापडलो तेव्हा त्याने त्याच बॅटने माझ्या पोटऱ्या सुजवल्या. मी खाली पडलो, डोकं वाचवायला हात वर केले, तर तो ओरडला, “हात खाली घे! हातावर लागंल ना भडव्या!”

म्हणजे मार चुकवायचा असेल तर हात पुढे करायचे, हे मला समजलं. मी तसं करायला लागलो. मग त्याने मारण्याआधी आईला माझे हात धरायला लावलं.

त्याची विद्या केवढी होती ते मला पुढे कळलं. त्याला एकच सप्तक यायचं, पांढरी एकपासूनचं, म्हणजे सगळं पांढऱ्या पट्ट्यांवर. गाणारा काळी चारमध्ये गायला लागला तर? तर कीबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात एक बटण असतं. ते दाबायचं. बोटं पांढऱ्यांवरच ठेवायची, आवाज आपोआप वर-खाली सरकतो. आमच्याकडे बेंजोवाले सगळे असंच वाजवतात, अजूनही. उजव्या हाताने चाल आणि डावा हात बटणांसाठी. दोन वर्षांत मी ते इतकं शिकलो की झोपेत माझा डावा हात वर कोपऱ्यात जायचा. आई सांगायची.

सहावीत मी पार्टीत उभा राहिलो. लाल सॅटिनचा शर्ट, खांद्यावर सोनेरी झालर. बाप माझ्या मागे टेम्पोत उभा राहायचा आणि लोक त्याचं नाव घेऊन ओरडायचे. माझं नाव कुणी घेत नव्हतं. खोटं कशाला सांगू, मलाही ते आवडायचं. मी वाजवायचो आणि बापाची छाती पुढे यायची.

सातवीत असताना भरदुपारी एका वरातीत राडा झाला. नवऱ्याचा मेव्हणा आणि नवऱ्याचा चुलतभाऊ, दोघंही प्यायलेले. एकाला एक गाणं पाहिजे, दुसऱ्याला दुसरं. “माझं वाजव!” “ए, त्याचं वाजवलंस तर टेम्पो पेटवीन!” मी बापाकडे बघितलं. बाप म्हणाला, दोन्ही वाजव, अर्धं अर्धं. ती त्याची चूक झाली. अर्ध्यावर गाणं तोडलं तसा मेव्हण्याने टेम्पोवर चढून कीबोर्डवर लाथ घातली. कीबोर्ड खाली पडला, त्याच्यावर लोक नाचावं तसे तुडवत गेले. मांडवाचे बांबू निघाले. एकाच्या तोंडावर खुर्ची बसली आणि त्याचे पुढचे दात माझ्या पायाशी पडले. कुणीतरी बांबू माझ्यावर उचलला. मी सवयीने हात पुढे केले. बापाने मला खाली दाबलं, माझे दोन्ही हात स्वतःच्या पोटाखाली घेतले आणि वर आडवा झाला. बांबू त्याच्या डोक्यात बसला. मला तो आवाज त्याच्या छातीतून ऐकू आला. एकदा, मग परत एकदा.

त्याच्या डोक्याला टाके पडले. डोक्याला पट्टी बांधून तो चार दिवस बसला होता आणि मला म्हणत होता, “बोटां हलव. सगली हलव. बघू.”

मोडका कीबोर्ड आम्ही उल्हासनगरला घेऊन गेलो. तिथे एका गल्लीत एक सिंधी काका वाजवायच्या सगळ्या वस्तू दुरुस्त करायचे. त्यांनी आतला चुरा बघितला आणि कपाळाला हात लावला.

“पुट, बेटा, यावर हाथी बसला काय?”

“मेव्हणा,” मी म्हणालो.

ते हसले. बापाला म्हणाले, पार्ट मुंबईहून मागवायला लागतील, महिना जाईल. बाप म्हणाला, महिनाभर पोराचा हात थंड पडंल. तेव्हा काकांनी सांगितलं की अंबरनाथला एका छोट्या चर्चमध्ये जुना पायाने भाता मारायचा ऑर्गन आहे, त्याचं चामडं ते स्वतः बदलतात, आणि तो वाजवणाऱ्या बाई शिकवतातही. “बहुत कडक बाई है. मैं भी डरता है उससे.”

कडक म्हटल्यावर बापाला पटलं. धर्म वगैरे त्याच्या डोक्यात आलं नाही. हात थंड पडायला नकोत, एवढंच.

बाई तेव्हा साठीच्या असतील. शाळेतून निवृत्त, मूळच्या नगरकडच्या, पांढरी साडी, जाड भिंगं. बुवापाड्याच्या पलीकडे पत्र्याच्या छपराचं चर्च, आत चाळीसेक माणसं मावतील एवढी जागा, आणि कोपऱ्यात सागवानी ऑर्गन, वर जड झाकण. बापाने मला पुढे ढकललं आणि आमच्यात मूल शाळेत घालताना, मास्तरला मारायची मुभा देत, जे म्हणतात ते म्हटलं:

“बाय, चामडी तुमची, हाडां आमची.”

बाईंनी त्याच्या उजव्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. “हाडं घरी ठेवून आला असतास तरी चाललं असतं,” त्या म्हणाल्या. “मला बोटं पाहिजेत. बस, लेकरा. वाजव.”

मी वाजवलं. बेंजोतली सगळ्यात जोरदार चाल वाजवली. बाईंनी ऐकून घेतलं. मग त्यांनी एक ओळ गुणगुणली आणि म्हणाल्या, “हे वाजव. मी गाते तिथूनच.” त्यांचा सूर काळीवर होता. माझा डावा हात आपोआप वर कोपऱ्यात गेला. तिथे नुसतं लाकूड होतं. मी दाबलं. परत दाबलं.

“काय शोधतोस?”

“बटण, बाई.”

“कसलं बटण?”

मी सांगितलं. त्यांनी पुस्तकाखालून काळ्या लाकडाचा गोल रूळ काढला आणि कोपऱ्यावर ठेवलेल्या माझ्या हाताच्या सांध्यांवर मारला. मी किंचाळलो. मला लागलं म्हणून नाही, त्याहून खूप लागलेलं होतं आयुष्यात. हातावर कुणी मारलंच नव्हतं. मी घाबरून बापाकडे बघितलं. तो दारात उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. पण चामडी तुमची असं तो म्हणून बसला होता, आणि आमच्यात शब्द परत घेत नाहीत. तो वळून बाहेर गेला.

“इथे देवाने बटण दिलेलं नाही,” बाई म्हणाल्या. “बारा ठिकाणांहून चालायला शीक. आणि हा डावा हात काय भीक मागायला आणलास?”

तर अशी माझी वाटणी झाली. बापाने हात सोडून कुठेही मारलं, बाईंनी हात सोडून कुठेही मारलं नाही. घरी पाठ सोललेली, चर्चमध्ये सांधे सुजलेले.

बाईंची पद्धत सांगतो. तळहाताखाली लिंबू ठेवायचं. हात कमानीसारखा राहायला पाहिजे, लिंबू दाबलं नाही पाहिजे, सुटलं नाही पाहिजे. सुटलं की रूळ. मग पाच रेघा वाचायच्या. प्रत्येक गीताचे चार आवाज असतात, दोन बायकांचे, दोन पुरुषांचे, आणि ते चारही एकाच वेळी वाजवायचे. सगळ्यात खालचा आवाज डाव्या करंगळीचा. “करंगळी म्हणजे पाया,” बाई म्हणायच्या. “ती हलली तर घर पडलं.” एका गीताला चार काळ्या होत्या, म्हणजे सातातले चार सूर काळ्या पट्ट्यांवर. त्या चार काळ्यांनी माझं एक वर्ष खाल्लं. एकदा माझ्या नखातून रक्त आलं आणि पांढऱ्या पट्ट्यांवर लागलं. बाईंनी पदराने पुसलं आणि म्हणाल्या, “पुढे.”

महिन्याने कीबोर्ड दुरुस्त होऊन आला. मी बापाला म्हटलं, मला बाईंकडे जायचंय. त्याने मला पायरीवरून खाली लोटलं. दुसऱ्या दिवशी मी गेलो. परत आल्यावर परत मार खाल्ला. असं किती महिने चाललं सांगता येत नाही. शेवटी त्याच्या लक्षात आलं की वरातीत मी पूर्वीपेक्षा चांगला वाजवतोय, आणि तो गप्प झाला. पण बटण मी दाबत नव्हतो, हे त्याला दिसत होतं. एका हळदीत त्याने मागून वाकून स्वतः बटण दाबलं. मी काळीवर, बटण काळीवर, सगळं विस्कटलं. लोक हसले. त्या रागाने त्याने मला टेम्पोच्या फाळक्यावर आपटलं. हात सोडून.

बाईंची एक अट होती. नापास झालास तर ऑर्गनला हात लावायचा नाही. म्हणून मी दहावी झालो, बारावी झालो, बी.कॉम.ला गेलो. आमच्या कुळात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बाईंचा रूळ नसता तर मीही कुठल्या तरी प्रेसवर पाय दाबत बसलो असतो. मार चांगला असतो असं मी म्हणत नाही. काय झालं ते सांगतो.

मी शेवटच्या वर्षाला असताना बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. रेघा दिसेनात. चर्चच्या पंचांनी ठरवलं की एका रविवारी मी पूर्ण उपासना वाजवायची. जमलं तर ऑर्गन माझा. मी त्यांच्यातला नाही यावर थोडी कुरकुर झाली. एक पंच म्हणाले, उद्या हा वरातीतलं वाजवील. बाई म्हणाल्या, “मग नाचा.” विषय संपला.

त्याच रविवारी दुपारची एक वरात बापाने घेऊन ठेवली होती. मोठं घर होतं, गावात ज्यांच्या जमिनींवर बिल्डिंगा उठल्या त्यांच्यातलं. मी आधीच सांगितलं, येणार नाही. त्याने मारलं नाही. जेवत होता, जेवत राहिला. म्हणाला, “हात माझं हायत. बाकीचा तू कुठं पन जा.” मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

रविवारी सगळं नीट गेलं. बाई माझ्या शेजारी स्टुलावर, डोळे मिटून, रूळ मांडीवर. शेवटचं गीत तेच, चार काळ्यांचं. मंडळी उभी राहून गात होती. तिसरं कडवं चालू असताना दारात लाल सॅटिन दिसलं. बाप पार्टीच्या शर्टात सरळ मधून चालत आला. लोकांना वाटलं मुलाचं ऐकायला आलाय, त्यांनी सरकून वाट दिली. एका म्हातारीने त्याला हसून सलाम केला.

तो ऑर्गनशी येऊन उभा राहिला.

“ऊठ. टेम्पो उभा हाय.”

“शेवटचं आहे, बाबा. दोन मिनिटं.”

“ऊठ बोलतंय मी.”

मी मान हलवली. हात उचलले नाहीत. माझी करंगळी खालच्या सुरावर होती आणि मी मनात म्हणत होतो, हलली तर घर पडलं.

“मंग नको वाजवू,” तो म्हणाला, अगदी हळू. “कुठंच नको वाजवू.”

त्याने दोन्ही हातांनी झाकण धरलं आणि अंगाचं सगळं वजन घालून खाली आणलं.

उजवा हात अर्धा निसटला. डावा पूर्ण आत राहिला. काहीतरी तुटल्याचा आवाज मी ऐकला, वाळकी शेंग मोडते तसा. पण त्याच्यापेक्षा मोठा आवाज ऑर्गनचा होता. माझे पाय थांबलेच नाहीत. इतक्या वर्षांची सवय, ते भाता मारत राहिले, आणि झाकणाखाली चेचलेला हात जेवढ्या पट्ट्यांवर पडला होता तेवढ्या सगळ्या एकदम ओरडत राहिल्या. बापाने झाकण सोडलं नाही. मंडळीतले मागचे काही लोक अजून गातच होते. बाई उठल्या, चाचपडत झाकणापर्यंत आल्या आणि त्या रुळाने बापाच्या तोंडावर, डोक्यावर, दिसेल तिथे, म्हणजे न दिसता, मारत सुटल्या. तेव्हा त्याने सोडलं. बाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि एकेक बोट चाचपून मोजलं. पाच आहेत याची खात्री झाल्यावर त्या खाली बसल्या.

पुरुषांनी बापाला ओढत बाहेर नेलं. क्षणापूर्वी देवाच्या प्रेमाचं गीत गाणारी माणसं होती ती. त्यांनी पट्टे काढले. मी पायरीपर्यंत आलो. बाप धुळीत पडला होता, लाल शर्ट फाटलेला, नाकातोंडातून रक्त. तो एकदाही हात आडवा घेत नव्हता. तो नुसता ओरडत होता. मला आधी शब्द कळले नाहीत. मग कळले.

“मारा, मारा! पन त्याच्या हातावर बरफ घाला कोनीतरी! बरफ घाला रं!”

मारणारे थांबले. शेवटी त्याला सलाम केलेली ती म्हातारी समोरच्या दुकानातून बर्फ घेऊन आली.

चर्चच्या पाळकांनी पोलिसांना बोलवू का विचारलं. मी नको म्हटलं. त्यात क्षमा वगैरे काही नव्हती. माझी परीक्षा जवळ होती आणि मला चौकीत बसायला वेळ नव्हता. सुजलेल्या उजव्या हाताने पेपर लिहिले, डावा गळ्यात बांधलेला. सेकंड क्लास मिळाला. निकालाचा कागद आईने देव्हाऱ्यात ठेवला.

प्लास्टर निघालं तेव्हा दोन बोटं वाकडी बसली होती. पंच म्हणाले, आता दुसरा कोणी बघू. बाईंनी मला घरी बोलावलं. ऑपरेशननंतर एका डोळ्याने त्यांना थोडं दिसत होतं. समोर गीतांचं पुस्तक आणि शिसपेन्सिल. त्यांनी प्रत्येक गीताची बोटं नव्याने लिहायला घेतली होती. जिथे डाव्या हाताला लांब पोचायचं होतं तिथला सूर त्यांनी उजव्या अंगठ्याला दिला होता. “करंगळी वाकडी आहे, पण वजन आहे,” त्या म्हणाल्या. “खुंटीसारखी ठोकून ठेव. हलणार तरी नाही.” पुस्तक संपायला पावसाळा गेला. त्या काळात त्यांनी मला एकदाही मारलं नाही. मला ते विचित्र वाटायचं. एकदा मी चुकलो आणि स्वतःच हात पुढे केला. बाईंनी बघितलं आणि तोंड फिरवलं.

ऑर्गन मला मिळाला. अजून मीच वाजवतो. बाई गेल्या तेव्हा चार काळ्यांचं ते गीत मी वाजवलं, तिसरं कडवंसुद्धा. त्यांच्या भाचीने मला रूळ आणून दिला.

बेंजो पार्टी मोडली. बाप आता माझ्याकडे बदलापुरात असतो. त्या दिवसाबद्दल तो आजवर एक अक्षर बोललेला नाही. क्लासची वेळ झाली की उठतो आणि जिन्यात जाऊन बसतो. मुलं आत जाताना त्याच्याशी बोलतात. “आजोबा, तुमची बोटं कुठं गेली?” तो म्हणतो, “तुमच्या सरला दिली.”

आता शेवटची गोष्ट, आणि ती माझ्या मोठेपणाची नाही.

माझ्या क्लासमध्ये सहा कीबोर्ड आहेत. सहाही कीबोर्डांचं वरच्या कोपऱ्यातलं ते बटण मी कागद चिकटवून बंद केलंय. पालक विचारतात, मी सांगतो, आधी चालायला शिकू दे. गेल्या वर्षी एक रिक्षावाला त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आला. हुशार, तोंडाळ मुलगी. तो हात जोडून म्हणाला, “सर, चामडी तुमची, हाडं आमची.” मी हसलो. म्हटलं, ठीक आहे.

एक दिवस मला ऐकू आलं की ती अवघड चाल एकदम सफाईने वाजवतेय. मी मागून जाऊन बघितलं. कागद नखाने सोलून काढला होता. डावा हात कोपऱ्यात, बटणावर. माझ्या डोक्यात काय झालं मला माहीत नाही. बाईंचा रूळ टेबलावर असतो, वहीवर रेघा मारायला. मी उचलला आणि तिच्या हातावर मारला.

ती रडली नाही. तिने आधी हात बघितला, मग मला. मग तिने माझ्या हातातून रूळ हिसकावला आणि कीबोर्डच्या कडेवर ठेवलेल्या माझ्या डाव्या हातावर, त्याच वाकड्या दोन बोटांवर, सगळ्या ताकदीने हाणला. डोळ्यांपुढे अंधारी आली. बाकीची मुलं वाजवायची थांबली.

“लागतं ना?” ती ओरडली. “आता वाजवा! वाजवा की, सर!”

दारात बाप उभा होता. आवाज ऐकून जिन्यातून उठून आला होता. तो त्या मुलीकडे बघत होता. मग माझ्या बोटांकडे. मग खाली स्वतःच्या हाताकडे बघितलं, आणि आत फ्रिजकडे गेला.

मी वाजवलं. चार काळ्यांचं गीत, एक कडवं. वाईट वाजलं. ती रूळ घट्ट धरून शेवटपर्यंत उभी राहिली. बापाने बर्फाचा ट्रे आणून मध्ये ठेवला. तिने एका खड्यावर हात ठेवला, मी दुसऱ्यावर.

त्या संध्याकाळी मी तिच्या वडिलांकडे रिक्षा स्टँडवर गेलो आणि मारल्याचं सांगितलं. ते म्हणाले, “बरं केलंत.” मी म्हटलं, “नाही. दोन्ही तिची आहेत, चामडी पण आणि हाडं पण. परत असं कुणाला म्हणू नका.” त्यांना कळलं असं मला वाटत नाही. गिऱ्हाईक आलं आणि ते निघून गेले.

ती अजून येते. बटण दाबत नाही, पण ते माझ्या भीतीने नाही, कारण रूळ तिच्या दप्तरात असतो आणि मी तो परत मागितलेला नाही. ती वाजवत असते तेव्हा मी शेजारच्या स्टुलावर बसतो, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. ती चुकली की डावा हात वळवळतो. मी आणखी वजन टाकतो.